खरेदीखतावरची तारीख
(स्थावर मिळकतीतील गुंतवणूक, कर आणि कर्ज यांविषयीच्या एका ग्रंथाची प्रस्तावना)

मिळकतीच्या व्यवहारात रक्कम विसरणारा मनुष्य माझ्या चाळीस वर्षांच्या वकिलीत मला एकदाही भेटलेला नाही. तारीख विसरणारे मात्र आठवड्यातून दोनदा भेटतात. इसार किती दिला, चौरस फुटाला काय भाव पडला, शेजारच्या इमारतीत तोच भाव किती होता, हे सारे त्यांच्या जिभेवर असते. पण इसारपावती कोणत्या दिवशी झाली, साठेखत केव्हा नोंदले गेले, ताबा कधी मिळाला आणि भोगवटा प्रमाणपत्र कोणत्या महिन्यातले, असे विचारले की समोरचे गृहस्थ पत्नीकडे पाहतात आणि पत्नी छताकडे पाहते. वस्तुतः कर किती पडेल, कर्जाच्या व्याजाची वजावट मिळेल की नाही, मुद्रांक पुन्हा भरावा लागेल काय, या प्रश्नांची उत्तरे रकमेत नसतात इतकी त्या विस्मृत तारखांत असतात. प्रस्तुत ग्रंथाचे कर्ते व्यवसायाने सनदी लेखापाल आहेत आणि त्यांनी हा ग्रंथ भावांच्या चढउताराभोवती न रचता कालक्रमाभोवती रचला आहे. त्यांनी प्रस्तावनेची विनंती केली तेव्हा मी ती तत्काळ मान्य केली, त्याचे कारण हेच.

‘गुंतवणूकदार’ हा शब्द आमच्या लहानपणी शेअरबाजाराच्या बातम्यांपुरता होता. जमीनजुमला बाळगणाऱ्याला लोक जमीनदार, घरवाला, चाळमालक, क्वचित सावकार म्हणत. घर विकत घेऊन त्यात न राहता आणि ते भाड्यानेही न देता केवळ भाव वाढण्याची वाट पाहत बसणारा इसम त्या काळच्या भाषेत बसतच नव्हता. आता तो भाषेत बसला आहे, इतकेच नव्हे, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ याच्या पहिल्या अनुसूचीतही त्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे. विकासकाकडून सदनिका घेणाऱ्या पहिल्या गुंतवणूकदाराने ती ठरावीक मुदतीत पुढच्या ग्राहकाला दिली, तर पहिल्या करारावर भरलेले मुद्रांक शुल्क दुसऱ्या व्यवहाराच्या शुल्कात वळते करून घेता येते. ही मुदत पूर्वी एक वर्षाची होती; २०२२ साली ती तीन वर्षांची झाली. सवलत उदार आहे, परंतु ती मागायची तर पहिल्या करारात खरेदीदाराने आपण गुंतवणूकदार म्हणून घेत आहोत हे त्या अनुसूचीतील संबंधित अनुच्छेदाचा आधार घेऊन लिहिलेले असावे लागते, आणि छापील मसुद्यावर डोळे मिटून सही करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते लिहून घेतलेले असते. अशा मंडळींना माझ्याकडे येण्याची बुद्धी होते ती तीन वर्षे संपत आल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडे.

जमिनीवर कर्ज काढणे ही आपल्या मुलखातली जुनी गोष्ट आहे आणि तिचा इतिहास सुखाचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी जमलेले कुणबी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला आलेला भाव ती यादवी संपताच उतरला होता, नव्या मोजणीनंतर सरकारी सारा वाढला होता, आणि दिवाणी न्यायालयांतून सावकारांना एकतर्फी हुकूमनामे मिळत होते. परंतु या दंग्यांत अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट अशी की, लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता: कर्जरोखे, गहाणखते आणि खतावण्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. ज्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, त्यांनी आपली जमीन कोठे अडकली आहे हे अचूक ओळखले होते. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती आणि व्याज किती हे तपासण्याची मुभा दिली. आज बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्रावर वीस ठिकाणी सह्या करणाऱ्या सुशिक्षित तरुणाने ती पाने वाचलेली नसतात, हे मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा तेव्हा मला सुप्याच्या त्या निरक्षर कुणब्यांची आठवण होते. कागदाविषयी एक आदरयुक्त भीती तरी त्यांच्या मनात होती.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने गहाणाचे प्रकार पक्के केले. आपल्याकडे ताबेगहाण, नजरगहाण, मुदतखरेदी हे शब्द त्याआधीपासून रूढ होते. कायद्याने त्यांना कलमे दिली. त्यातला एक प्रकार प्रथम मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा व्यापारी शहरांच्या सोयीसाठी ठेवला होता: गहाणखत न लिहिता मालकीचे मूळ दस्तऐवज धनकोच्या स्वाधीन केले, की तेवढ्याने गहाण पुरे होई. व्यापाऱ्याला दुपारी पैसा हवा असे आणि गहाणखत लिहून नोंदवायला सवड नसे, यासाठी केलेली ही सोय पुढे अधिसूचनांनी इतर शहरांना मिळाली, आणि आज गृहकर्जाचा बहुतांश डोलारा तिच्यावरच उभा आहे. घराची मूळ कागदपत्रे बँकेच्या तिजोरीत जातात आणि घरमालकाच्या कपाटात झेरॉक्स प्रती राहतात. कर्ज फिटल्यावर ती कागदपत्रे परत घेण्याचे आणि निबंधक कार्यालयातील किंवा सातबाराच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घेण्याचे काम मात्र पुष्कळ लोक ‘बघू पुढे’ म्हणून ठेवून देतात. मग विक्रीच्या वेळी तीस वर्षांचा शोध अहवाल घेताना पंधरा वर्षांपूर्वीच फिटलेले कर्ज अद्याप जिवंत असल्याचे दिसते, आणि खरेदीदाराची बँक तेथेच हात आखडते.

आता भाड्याविषयी. आजचा गुंतवणूकदार भाड्यापेक्षा भाववाढीवर का जगतो, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात शोधावे. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेचे जे भाडे होते तेच तिचे प्रमाण भाडे, असे त्या कायद्याने ठरवले. युद्धकाळातल्या आणि फाळणीनंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार देण्यासाठी केलेली ही योजना तात्पुरती मानली होती. ती अर्धशतक टिकली. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींचे भाडे गोठले, घरपट्टी आणि दुरुस्तीचा खर्च मात्र गोठला नाही, आणि भाड्यासाठी घर बांधणे हा धंदा हळूहळू मावळला. ज्याच्यापाशी भांडवल होते त्याने चाळ बांधण्याऐवजी सदनिका बांधून विकायला घेतल्या. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा अधिनियम हे या स्थित्यंतराचे कायदेशीर मैलाचे दगड होत. भाडे हातून गेले म्हणून पागडी आली. कायद्याने ती निषिद्ध ठरवली तरी पागडी चालूच राहिली, आणि अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने तिला मान्यता दिली. प्रमाण भाड्याच्या त्या गोठलेल्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये म्हटले होते. मुंबईतली कित्येक कुटुंबे आजही ज्या भाड्यात राहतात त्यात महिन्याची भाजीही येणार नाही. यात भाडेकरूचा दोष नाही आणि घरमालकाचा तर नाहीच. १ सप्टेंबर १९४० ही एक तारीख होती, आणि ती कोणी वेळीच पुढे सरकवली नाही.

कर्जाचा हिशेब करताना लोक हप्त्यापासून आरंभ करतात. ग्रंथकर्त्याने तो हप्त्याच्या आधीपासून केला आहे आणि ते योग्यच आहे. पुण्यात महापालिका हद्दीत ८० लाखांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घ्यायची असे समजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे ६४ लाख. तेव्हा आपल्याला १६ लाख उभे करायचे आहेत असे खरेदीदार धरून चालतो. परंतु मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि वस्तू व सेवा कर ही त्या ८० लाखांच्या वरची रक्कम आहे, आणि कर्जाचे प्रमाण ठरवताना मुद्रांक व नोंदणी हे किमतीत धरले जात नाहीत. पुरुष खरेदीदारास ७ टक्के मुद्रांक म्हणजे ५ लाख ६० हजार, नोंदणीचे कमाल ३० हजार, आणि ४५ लाखांवरील चालू बांधकामास ५ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ४ लाख. १६ लाखांचे अशा रीतीने २५ लाख ९० हजार होतात. ही तफावत जो नातेवाइकांकडून हातउसने घेऊन किंवा वैयक्तिक कर्ज काढून भागवतो, त्याच्या गुंतवणुकीचे गणित पहिल्याच दिवशी बिघडलेले असते. बांधकाम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या सदनिकेच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर लागत नाही. तेव्हा चार लाखांचा हा प्रश्नही शेवटी एका प्रमाणपत्राच्या तारखेचाच आहे.

हेच ६४ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता ५५,५४१ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यात ४५,३३३ रुपये व्याज असते आणि मुद्दल जेमतेम दहा हजार फिटते. दर तोच राहिला असे धरल्यास वीस वर्षांत ६९ लाखांहून अधिक व्याज दिले जाते. ताबा मिळाल्यावर ती सदनिका दरमहा २० हजारांनी भाड्याने दिली, तर वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार. घरपट्टी क्षणभर बाजूला ठेवू. प्राप्तिकर कायदा या भाड्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट ३० टक्के वजा करू देतो, म्हणून १ लाख ६८ हजार उरतात. त्यातून पहिल्या वर्षाचे सुमारे ५ लाख ३९ हजार व्याज वजा केले की ३ लाख ७१ हजारांचा तोटा दिसतो. एके काळी हा तोटा संपूर्ण पगाराविरुद्ध वळता करता येई, आणि म्हणूनच वरच्या उत्पन्नगटातले लोक तोट्यासाठीच घर घेत. २०१७-१८ या वित्तीय वर्षापासून त्यावर २ लाखांची मर्यादा आली. उरलेले १ लाख ७१ हजार पुढची आठ वर्षे, तेही फक्त घराच्या उत्पन्नाविरुद्ध, ओढत न्यावे लागतात. आणि ज्याने नवी करप्रणाली स्वीकारली आहे, किंबहुना जुनी मुद्दाम निवडलेली नाही, त्याला ते २ लाखही पगारातून वळते करता येत नाहीत. ‘कर वाचतो म्हणून घर घ्या’ हा विक्रेत्यांचा आवडता उपदेश नव्या प्रणालीखाली बहुतांशी निकामी झाला आहे, हे ग्रंथकर्त्याने एकाच परिच्छेदात सांगितले आहे. माझ्या मते त्याला स्वतंत्र प्रकरण हवे होते.

बांधकाम रखडलेले असले तर कथा आणखी बिकट. ताबा मिळेपर्यंत भरलेल्या व्याजाची वजावट तोवर मिळतच नाही. काम पूर्ण झाल्यावर ती पाच समान वार्षिक भागांत मिळते. आणि स्वतः राहण्याच्या घराचे काम, ज्या वर्षी कर्ज घेतले त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत पूर्ण झाले नाही, तर जुन्या प्रणालीतली दोन लाखांची वजावट तीस हजारांवर येते. विकासकाने उशीर केला, शिक्षा करदात्याला. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशातील ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले, त्यामुळे असे प्रसंग कमी व्हावेत ही अपेक्षा रास्त आहे.

भांडवली नफ्याचा कर आपल्याकडे दोनदा जन्मला. १९४७ साली लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकाने तो आला आणि लवकरच मावळला. निकोलस कॅल्डॉर यांच्या अहवालानंतर टी. टी. कृष्णमाचारी यांनी १९५६ मध्ये तो पुन्हा आणला, तो आजतागायत आहे. १९९२ मध्ये त्याला महागाई निर्देशांकाची जोड मिळाली, म्हणजे जुनी खरेदी किंमत आजच्या रुपयात फुगवून मगच नफा मोजावा अशी व्यवस्था झाली. कल्पना न्याय्य होती: वीस वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया यांना एकाच तराजूत घालणे हा हिशेब नव्हे. २३ जुलै २०२४ रोजी ती व्यवस्था मोडली. त्या दिवसापासून निर्देशांक नाही, पण दर २० ऐवजी साडेबारा टक्के. भाव भरमसाट वाढलेल्या मिळकतींना हे फायद्याचे, मंद वाढलेल्यांना घातक. पुढे त्यात दुरुस्ती होऊन, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारतींपुरती निवासी व्यक्तींना व हिंदू अविभक्त कुटुंबांना दोहोंपैकी जो कर कमी पडेल तो देण्याची मुभा मिळाली.

या मुभेची किंमत किती? २०१२-१३ मध्ये ५० लाखांना घेतलेले घर डिसेंबर २०२४ मध्ये ८५ लाखांना विकले असे समजा. निर्देशांक २०० वरून ३६३ झाला असल्यामुळे जुन्या रीतीने खरेदी किंमत ९० लाख ७५ हजार ठरते. नफाच नाही, म्हणून करही नाही. नव्या रीतीने ३५ लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ४ लाख ३७ हजार ५००. वर्षाला साडेचार टक्क्यांनी वाढलेल्या त्या घराने मालकाला महागाईच्या मानाने खरे तर काहीच दिलेले नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घर घेतलेला मालक यातून सुटतो. त्यानंतर घेणाऱ्याला ही वाट नाही, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जेव्हा ही घरे विक्रीला येतील तेव्हा लोकांना या फरकाचा अर्थ कळेल.

मला तो गेल्या वर्षी माझ्या खोलीत कळला. मुलुंडचे आईचे घर दोन भावांना मृत्युपत्राने निम्मे-निम्मे आले होते; थोरला पुण्यात नोकरीतून निवृत्त झालेला, धाकटा पंचवीस वर्षे न्यू जर्सीत. आईने ते घर २००१ च्या पुष्कळ आधी घेतलेले, म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य, मुद्रांकमूल्याच्या मर्यादेत राहून, खरेदी किंमत म्हणून धरता येत होते. मूल्यांकनकाराने ते २० लाख दिले. वारसाने आलेल्या मिळकतीत निर्देशांक वारशाच्या वर्षापासून न लावता पूर्वीच्या मालकाच्या काळापासून लावावा, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. जानेवारी २०२५ मध्ये घर एक कोटीला गेले. थोरल्याचा हिशेब: २० लाखांचे निर्देशांकाने ७२ लाख ६० हजार, नफा २७ लाख ४० हजार, त्यातला निम्मा १३ लाख ७० हजार, त्यावर २० टक्के म्हणजे २ लाख ७४ हजार. धाकटा अनिवासी, त्याला ती मुभा नाही. त्याचा हिशेब: ८० लाखांचा निम्मा ४० लाख, त्यावर साडेबारा टक्के, ५ लाख. उपकर दोघांनाही वेगळा. शिवाय खरेदीदाराने थोरल्याच्या ५० लाखांतून टीडीएस म्हणून कापले ५० हजार. धाकट्याने कमी कपातीचा दाखला वेळेवर घेतला नव्हता, म्हणून त्याच्या ५० लाखांतून उपकरासह कापले साडेसहा लाख.

“दादा, आई एक, घर एक, आपण सही केली तीही एकाच टेबलावर,” धाकटा म्हणाला, “मग मला दुप्पट का?”

“ते काकांना विचार,” थोरला म्हणाला, “मला कशाला विचारतोस? मी काय कायदा केला?”

काकांपाशी, म्हणजे माझ्यापाशी, कलम होते, उत्तर नव्हते. जादा कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मागता येतील एवढे मी सांगितले. संभाषण मग आईच्या हातच्या आमटीवर गेले, तेव्हा मला हायसे वाटले. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि घर मागे दोघांतिघांच्या नावे राहायचे आहे, अशा वाचकांनी या ग्रंथातले अनिवासी मंडळींविषयीचे प्रकरण इतर सर्व प्रकरणांआधी वाचावे.

मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, ज्यांना लोक रेडी रेकनर म्हणून ओळखतात, हे आता प्राप्तिकराचेही मोजमाप होऊन बसले आहेत. तक्त्याप्रमाणे ९० लाखांची जागा गरजेपोटी ७८ लाखांना विकली आणि तफावत दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली, तर विकणाऱ्याला ती ९० लाखांनाच विकल्याप्रमाणे नफा मोजावा लागतो आणि घेणाऱ्याच्या हाती न आलेले १२ लाख त्याचे उत्पन्न समजले जातात. एकाच १२ लाखांवर दोन्ही टोकांना कर. काळ्या पैशाला आळा हा हेतू समजण्याजोगा आहे, परंतु गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आणि गल्लीच्या टोकाला नाल्याकाठी असलेल्या घराला तक्ता एकच भाव लावतो, आणि नाल्याकाठच्या घरमालकाला मूल्यांकन अधिकाऱ्याकडे दाद मागण्याचा हक्क आहे हे त्याला बहुधा कोणी सांगत नाही. एक दिलासा आहे: करार आधी झाला, त्या दिवसापर्यंत काही रक्कम बँकेमार्फत दिली गेली आणि नोंदणी नंतर झाली, तर कराराच्या दिवसाचा तक्ता धरता येतो. नवे दर लागू व्हायचे तर ते बहुधा १ एप्रिलच्या सुमारास होतात, त्यामुळे मार्च महिन्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत टोकन घेऊन बसलेल्या गर्दीला विनोद म्हणून हसू नये. आपण काय करतो आहोत ते त्या गर्दीला कळते.

शेतजमिनीविषयी ग्रंथात फार थोडे आहे, आणि ते बरे आहे, कारण तो वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. एवढेच सांगतो की ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून गुंठ्या-गुंठ्याने विकली जाणारी जमीन घेण्यापूर्वी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, आपण कुळकायद्याच्या अर्थाने शेतकरी आहोत की नाही, आणि तुकडेबंदी आड येते काय, हे पाहावे. गृहकर्ज देणारी बँक तर तिकडे फिरकतही नाही. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही हे खरे, पण ‘ग्रामीण’ म्हणजे काय हे नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या हवाई अंतरावर ठरते, तलाठ्याच्या किंवा दलालाच्या मतावर नव्हे.

नफा झाल्यावर तो दुसऱ्या घरात घालून कर वाचवण्याची वाट जुनीच आहे: विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर विकत घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे, मर्यादा आता १० कोटींची. अधिसूचित रोख्यांत घालायचे असेल तर सहा महिन्यांत, ५० लाखांपर्यंत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरले नाही तर पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात, आणि माझ्याकडे आलेल्या दर दहा अशिलांपैकी सातांनी हे खाते काय असते ते प्रथम माझ्याच तोंडून ऐकलेले असते. तोवर पैसे बचत खात्यात किंवा मुलाच्या धंद्यात गेलेले असतात. याविषयी ग्रंथकर्त्याने जे सविस्तर लिहिले आहे त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ घेत आहे. कलमांचे आकडे बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आले, तरी मिळकतीविषयीचा आशय बव्हंशी तोच आहे. ज्यांनी ती जुनी कलमे चाळीस वर्षे वेळी-अवेळी उच्चारली, त्यांची जीभ वळायला काही काळ जाईल. ग्रंथकर्त्याने परिशिष्टात दोन्ही आकडे समोरासमोर छापले आहेत, ही माझ्यासारख्यांवर दया आहे.

त्या दोन भावांचे काम उरकत आले असताना धाकटा पुन्हा एकदा आला. अमेरिकेला परतण्यापूर्वी आईची पत्र्याची पेटी रिकामी करताना त्याला लग्नपत्रिका, रेशनकार्डे आणि विजेची बिले यांच्या खाली सोसायटीची एक पावती सापडली होती. इमारतीत प्रथमच लिफ्ट बसवली तेव्हा आईने भरलेल्या वर्गणीची, ६० हजारांची, २००३ सालच्या दिवाळीतली. शाई फिकी झाली होती, शिक्का मात्र स्वच्छ होता. “आईला गुडघ्यांचा त्रास होता,” तो म्हणाला, “ती लिफ्टसाठी सर्वांच्या मागे लागली होती.” सुधारणेचा तो खर्च २००१ नंतरचा, म्हणून दोन्ही हिशेबांत बसला. थोरल्याच्या वाट्याचे ३० हजार निर्देशांकाने ९९,९०८ झाले आणि त्याचा कर १९,९८२ रुपयांनी उतरला. धाकट्याच्या वाट्याचे ३० हजार तीस हजारच राहिले आणि त्याचा कर ३,७५० रुपयांनी. पावती मूळची होती, म्हणून मी तिच्या दोन प्रती काढल्या. मूळ पावती कोणाकडे राहावी यावर भावांत क्षणभर ओढाताण झाली, आणि मग ती धाकट्याने पाकिटात घातली.